कापसाच्या लढाईचे झेंडे मागवले, आले पॉलिस्टरचे

घाई असणाऱ्यांसाठी रेटिंग आधीच सांगून टाकतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या उत्तरेच्या झेंड्याला पाचपैकी तीन, दक्षिणेच्या झेंड्याला एक, आणि पार्सल आणून देणाऱ्या पोराला पाचपैकी पाच. कारण तो बिचारा हिंगणघाटवरून दोनदा आला आणि दुसऱ्यांदा तर मॅपने त्याला भलत्याच पांदण रस्त्यात नेऊन घातलं, तिथून फोन करते की "काका, इथं तं नुसती पऱ्हाटीच पऱ्हाटी हाय, घर कुठं हाय तुमचं?" शेवटी मीच गाडी काढून त्याला शोधायला गेलो.

आता तुम्ही म्हणाल खेड्यात कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या यादवी युद्धाचे झेंडे कायले पायजे. बायकोनेही हेच विचारलं होतं, जरा कडक शब्दात. तर झालं असं की आमच्या गावच्या वाचनालयाने डिसेंबरमध्ये कापसावर छोटं प्रदर्शन ठेवायचं ठरवलं. कोणाच्या माळ्यावर जुना रेचा, म्हणजे सरकी काढायचं हातयंत्र, होता, कोणी बंडीचं चाक दिलं, जिनिंगवाल्याने रुईची एक छोटी गाठ बांधून दिली, आणि शाळेचे इतिहासाचे सर म्हणाले की मग १८६१ पण दाखवा ना भाऊ, त्याशिवाय आपल्या कापसाची गोष्ट पूर्णच होत नाही.

सरांचं बरोबर होतं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस तेव्हा चारातले तीन हिस्से अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. गुलामी टिकवायला दक्षिणेची राज्यं देशातून फुटली, एप्रिल १८६१ मध्ये तिकडे उत्तर-दक्षिण लढाई पेटली, राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरमधल्या गिरण्या माल नाही म्हणून बंद पडायला लागल्या, मग त्या व्यापाऱ्यांना आपली आठवण झाली. अमरावतीकडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावाने ओळखला जायचा, आणि आमच्या हिंगणघाटच्या कापसाचं तर वेगळंच नाव होतं, धागा लांब म्हणून. भाव असा चढला की मुंबईत लोक शेअरच्या मागे येडे झाले, प्रेमचंद रायचंद त्याच काळातले, ज्यांच्या पैशातून पुढे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये लढाई संपत आली आणि इकडे बाजार धाडकन आपटला. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ मध्ये. म्हणजे तेजी होती तेव्हा इकडचा माल बंडीवर, आणि गाडी आली तेव्हा तेजी गेलेली! कापसाच्या बाबतीत आपलं टायमिंग तेव्हापासूनच असं आहे.

तर प्रदर्शनात दोन्ही बाजूंचे झेंडे लावू म्हणून मी मोबाईलवर शोधलं. दुकानाचं नाव घेत नाही. 'गेटिसबर्ग सेट' (त्या युद्धातल्या एका मोठ्या लढाईचं नाव) म्हणून टाकलं होतं, उत्तरेचा ३४ ताऱ्यांचा झेंडा आणि दक्षिणेचा 'राष्ट्रध्वज १८६१', तीन बाय पाच फूट, 'हेरिटेज क्वालिटी', दोन्ही बाजूंनी सारखी छपाई, ११५० रुपये आणि डिलिव्हरीचे ९० वेगळे. फोटोत कापड असं जाड, चुण्या पडलेलं दिसत होतं की मी समजलो सुतीच असेल. खाली कुठंतरी बारीक अक्षरात मटेरियल लिहिलेलं होतं म्हणे, ते मी वाचलं नाही, ती चूक माझी.

पाकीट फोडलं तर आधी नव्या ताडपत्रीसारखा वास. दोन्ही झेंडे पॉलिस्टर, हातात घेतले तर सळसळ वाजते. माझा पुतण्या सातवीत आहे, त्याला तारे मोजायला बसवलं, तो दोनदा मोजून म्हणते, "काका, पन्नास हायेत." मी म्हटलं नीट मोज बे. मीच मोजले. पन्नास.

पन्नास ताऱ्यांचा झेंडा हवाई राज्य सामील झाल्यावर आला, ४ जुलै १९६० पासून. म्हणजे लढाई संपल्यावर ९५ वर्षांनी. झाडीपट्टीच्या नाटकात मावळ्याच्या पायात स्लीपर दिसली तर आपण हसून सोडून देतो, पण इथं हेरिटेजचे पैसे घेतलेत ना तुम्ही. फोटो काढून तक्रार टाकली, चार दिवस "आम्ही दिलगीर आहोत" आलं, मग बदलून देतो म्हणाले. हे मान्य करतो, बदलून दिलं, एक्स्ट्रा पैसे घेतले नाहीत, म्हणूनच उत्तरेला तीन तारे देतोय नाहीतर दोनच दिले असते.

दुसऱ्या खेपेला जो आला त्यात ३५ तारे, पाच ओळी, प्रत्येक ओळीत सात. आता इथं मजा आहे. तिकडे नियम असा की नवीन राज्य सामील झालं की त्याचा तारा पुढच्या ४ जुलैला झेंड्यात लागते. कॅन्ससमुळे १८६१ च्या ४ जुलैला ३४ झाले. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्य फुटून दक्षिणेत गेलं, पण त्याच्या पश्चिमेच्या डोंगरी भागातल्या लोकांना ते पटलं नाही, त्यांनी वेगळं राज्य मागितलं आणि २० जून १८६३ ला त्यांना वेस्ट व्हर्जिनिया मिळालं पण. इकडे वेगळा विदर्भ मागून मागून आमच्या घोषणा देणाऱ्यांचे केस पांढरे झाले आणि तिकडे भर लढाईत राज्य होऊन गेलं, असो. तर त्याचा पस्तिसावा तारा लागला ४ जुलै १८६३ ला, आणि गेटिसबर्गची लढाई झाली १ ते ३ जुलै. म्हणजे 'गेटिसबर्ग' नाव लावून पाठवलेला हा झेंडा लढाईला एका दिवसाने उशिरा पोचला. हे मी कस्टमर केअरला नाही सांगितलं, काय सांगणार.

तरी पण हा झेंडा बरा आहे. रंग भडक नाही, निळा चांगला गडद, पट्टे तेराच्या तेरा आणि सरळ. छपाई एकाच बाजूने केलेली आहे आणि मागून आरपार दिसते, तर मागून पाहिलं की सगळं उलटं आणि जरा फिकट. 'दोन्ही बाजूंनी सारखी' हे खोटं. कडेची शिलाई एकेरी, टाके लांब लांब, कोपऱ्यात दोरे लोंबत होते. दांडा घालायला नेफा नाहीच, दोन पितळी रिंगा आहेत, पितळी म्हणजे रंगाने. घड्या मोडायला बायकोने इस्त्री फिरवली, कमी गरम केली होती तरी एका ताऱ्यावर चमक आली, ती आता जात नाही. इस्त्री करायचीच असेल तर वरून ओला रुमाल टाकून करा.

आता दक्षिणेचा, ज्याला मी एक दिला. लाल कापडावर निळी फुली, फुलीला पांढरी कड, त्यात १३ तारे, हा झेंडा सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिला आहे, आपल्याकडेही बुलेटवर स्टिकर दिसते, लावणाऱ्याला माहीतही नसते की हे काय आहे. दुकानाने याला 'राष्ट्रध्वज १८६१' म्हटलं आहे. तो राष्ट्रध्वज कधीच नव्हता. दक्षिणेने चार वर्षांत तीन राष्ट्रध्वज बदलले आणि त्यातला एकही नुसता असा नव्हता. पहिला ४ मार्च १८६१ चा, तीन आडवे पट्टे, लाल पांढरा लाल, कोपऱ्यात निळ्या चौकोनात सात ताऱ्यांचं गोल रिंगण. तो उत्तरेच्या झेंड्यासारखाच दिसायचा, त्यामुळे जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत धूळ आणि धुरात कोण आपला कोण दुसऱ्याचा हेच कळेना, म्हणून मग फौजेसाठी ही फुलीवाली निशाणी काढली. आणि दक्षिणेचे सेनापती ली साहेब, त्यांच्या फौजेत ती चौकोनी असायची, पायदळाला ४८ इंच, तोफखान्याला ३६, घोडदळाला ३०. लांबट आकाराचीही होती, पण ती दुसऱ्या एका फौजेत १८६४ पासून आणि जहाजांवर. म्हणजे मला जो तीन बाय पाचवाला मिळाला त्यावर १८६१ लिहिणं म्हणजे धडधडीत थाप.

दुसरा राष्ट्रध्वज तर आणखी भारी. १ मे १८६३ ला ठरवला, सगळा पांढरा आणि कोपऱ्यात ती फुली. वारा नसला की फुली घडीत जायची आणि लांबून वाटायचं की हे शरण आले! मग शेवटी ४ मार्च १८६५ ला त्याच्या टोकाला लाल उभी पट्टी जोडली, आणि ९ एप्रिलला ली शरण गेला. पट्टीचा खर्च वाया. त्या दिवशी शरणागतीसाठी जे पांढरं निशाण दाखवलं ते भांडी पुसायचं फडकं होतं आणि त्याचा तुकडा अजून वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये जपून ठेवला आहे. खरं तर सेटमध्ये तेच द्यायला पायजे होतं, स्वस्तात पडलं असतं.

पुतण्याने एक प्रश्न बरोबर काढला. दक्षिणेतून राज्यं फुटली ११ आणि झेंड्यावर तारे १३ कसे? तर केंटकी आणि मिसूरी ही दोन राज्यं फुटली नव्हती तरी दक्षिणेने आपल्यात धरली. आणि लिंकनने फुटलेल्यांचा एकही तारा काढला नाही, कारण त्याच्या मते ती राज्यं गेलीच नव्हती. म्हणजे तेरा राज्यांचे तारे दोन्ही झेंड्यांवर. "म्हंजे दोन गावच्या मतदार यादीत एकाच माणसाचं नाव," पुतण्या म्हणाला. मी त्याला गप्प केलं कारण सरपंच शेजारीच बसले होते.

पण खरी गडबड पुढे झाली. वाचनालयाच्या समितीत अंगणवाडीच्या ताई आहेत, त्यांनी तो लाल झेंडा पाहिला आणि सरळ विचारलं, "हा माणसं इकणाऱ्यांचा झेंडा हाय ना? मंग आपल्या वाचनालयात काहून लावता?" माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. १८६० च्या जनगणनेत तिकडे जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून मोजलेली आहेत, आणि त्यातली किती तरी कापसाच्या शेतात. आपण वेचणीचे भाव किलोमागे दोन रुपये वाढले की बोंबलतो, तिथं वेचणाऱ्यालाच विकत घेतलेलं. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या भाषणात उघड सांगितलं होतं की गोरा आणि काळा समान नाहीत यावरच आमच्या सरकारचा पाया आहे. लपवाछपवी नाहीच. आणि ताईंनी मग दुसरा मुद्दा काढला तो मला माहीत असूनही आठवला नव्हता, की जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी तिथली गुलामी मोडली. आमच्या वाचनालयात तिच्या दोन प्रती आहेत, कपाटात समोरच.

उत्तरवाले काही देवमाणसं होते असं नाही, लढाई चालू असताना उत्तरेच्या बाजूच्या चार राज्यांत गुलामी होतीच. पण दुकानाने त्या लाल झेंड्याखाली काय लिहिलं आहे माहिती आहे? 'बंडखोर वृत्तीच्या तरुणांसाठी, रूम डेकोर, बाईक राइड'. एक शब्द नाही गुलामीचा. अमेरिकेत २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या लोकांना मारणाऱ्या गोऱ्या पोराचे या झेंड्यासोबतचे फोटो सापडले, त्यानंतर तिथल्या मोठमोठ्या दुकानांनी आणि वेबसाइटींनी हा माल विकणं बंद केलं, मिसिसिपी राज्याने २०२० मध्ये आपल्या झेंड्यातून ही फुली काढली, आणि इकडे आपण रूम डेकोर म्हणून विकतोय. एक तारा त्याच्यासाठीच आहे, आकार चुकला ते तर नंतरचं.

शेवटी ठरलं असं की लाल झेंडा भिंतीवर टांगायचा नाही, टेबलावर रेच्याच्या बाजूला घडी करून ठेवायचा आणि समोर पाटी, हा कोणाचा, कशासाठी, आणि कापूस कोण वेचायचं. उत्तरेचा भिंतीवर. त्याच्या खाली सरांनी विल्यम कार्नीची गोष्ट लिहिली, ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीतला, जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरवर झेंडेवाला पडला तेव्हा त्याने झेंडा उचलला, स्वतःला गोळ्या लागल्या तरी खाली टेकू दिला नाही. त्याला मेडल मिळालं १९०० मध्ये, ३७ वर्षांनी. ती पाटी वाचायला म्हातारी माणसं सगळ्यात जास्त थांबली. तिरंगा अर्थात वेगळा, बाहेर अंगणात, खादीचा.

आणि पहिला राष्ट्रध्वज, तो तीन पट्ट्यांचा, जो खरं म्हणजे त्या ११५० रुपयांत यायला पायजे होता, तो आमच्या गावच्या टेलर मास्तरने शिवला. त्याला मी मोबाईलवर चित्र दाखवलं, तो म्हणते, "याच्यात काय हाय भाऊ, तीन पट्टे अन् एक ठिगळ." लाल पॉपलिन, पांढरा मांजरपाट, निळं कापड शाळेच्या युनिफॉर्ममधून उरलेलं. ताऱ्यांचं रिंगण बरोबर यावं म्हणून घरातून जेवायची थाळी आणून तिच्या कडेने खडूची रेघ मारली आणि तिच्यावर सात तारे बसवले, दोन्ही बाजूंनी वेगळे कापून, आतल्या बाजूने दुहेरी टिप. कापड धरून ४८० रुपये घेतले. खरे झेंडे रेशमाचे नाहीतर लोकरीच्या विरळ कापडाचे असायचे हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणते मग अमेरिकेतूनच शिवून आणा ना. सुती कापडाचा असल्यामुळे तो झेंडा लोंबतो कसा, वाऱ्यात उठतो कसा, हे त्या पॉलिस्टरच्या सळसळीत कधीच आलं नसतं. मास्तरच्या झेंड्याला पाच. ताईंनी पण परवानगी दिली, कारण सरांना त्याचा एक प्रयोग करायचा होता.

प्रयोग असा की शाळेच्या मैदानाच्या त्या टोकाला दोन पोट्टे उभे केले, एकाच्या हातात उत्तरेचा, दुसऱ्याच्या हातात मास्तरने शिवलेला, दोन्ही खाली लोंबते सोडलेले, आणि मधून ट्रॅक्टर फिरवला धूळ उडवायला. इकडून बाकीच्यांनी सांगायचं कोणता कोणाचा. दोन्हीकडे लाल पांढरं आणि कोपऱ्यात निळं, बास एवढंच दिसते. निम्म्याहून जास्त पोरांनी उलटं सांगितलं, सरपंचांनी पण. बुल रन म्हणजे काय हे त्यांना आता विसरायचं नाही, पुस्तकातून शिकवलं असतं तर परीक्षेपर्यंतही टिकलं नसतं.

त्याच दुपारी वारा सुटला आणि दुकानवाल्या उत्तरेच्या झेंड्याची वरची रिंग कापडासकट उपटून आली. वारा म्हणजे काही वादळ नव्हतं, गहू ओलायच्या दिवसातला साधा वारा. फोटो पाठवला तर उत्तर आलं की सर, प्रॉडक्ट वापरलेलं आहे त्यामुळे परत घेता येत नाही, पुढच्या ऑर्डरवर २०० रुपयांचं कूपन देतो. पुढची ऑर्डर! मास्तरने मग रिंग काढून टाकली, बाजूने मांजरपाटाची चार बोटांची पट्टी जोडून नेफा करून दिला, वीस रुपये घेतले, आता दांडा आरामात जाते.

कोणाला शाळेसाठी, नाटकासाठी असे झेंडे घ्यायचेच असतील तर ऑर्डर द्यायच्या आधी तारे मोजलेला फोटो मागा, समोरून नाही, मागून काढलेला मागा, आणि नेफा आहे की रिंगा ते विचारा. दक्षिणेचा घेत असाल तर चौकोनी आहे का आणि तुम्हाला तो खरंच कशाला पायजे हे दोन्ही बघा. आणि कापड कोणतं आहे ते बारीक अक्षरातलं वाचा, माझ्यासारखं करू नका. आमच्या मास्तरचा नंबर पायजे म्हणून दोघा-तिघांनी विचारलं आहे, पण तो म्हणते लगनसराई चालू आहे, ब्लाऊजच संपून नाही राह्यले, संक्रांतीनंतर या, अन् थाळी तुमची तुम्ही आणा.